चौथ्या शुभवर्तमानाचा लेखक कोण?

शास्त्रपाठ : योहान २१:२०–२५

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एक वयोवृद्ध उपदेशक तीन कोस चिखल तुडवून आमच्याकडे आले. त्यांच्या मंडळींतील एक तरुण शहरांतील महाविद्यालयांत शिकतो. सुटींत घरीं आला असतां त्यानें रविवारच्या वर्गांत सर्वांसमक्ष विचारलें कीं, चौथें शुभवर्तमान जब्दीचा पुत्र योहान यानेंच लिहिलें हें कशावरून? उपदेशकांनीं उत्तर दिलें, "पुस्तकाच्या माथ्यावर लिहिलें आहे." तरुण म्हणाला, "पण काका, माथ्यावर तें कोणीं लिहिलें?" वर्ग गप्प झाला. तेव्हां उपदेशकांनीं रागाच्या भरांत असें सांगून टाकलें कीं, हें शुभवर्तमान योहानाचें नसेल तर माझा तेवीस वर्षांचा उपदेश फुकट गेला. पुढच्या रविवारीं तो तरुण आला नाहीं, आणि आठवडाभर उपदेशकांसही नीट झोंप आली नाहीं.

आम्हीं त्यांस जेवूं घातलें, आणि मग एक गोष्ट त्यांच्याजवळ कबूल केली. ती येथेंही कबूल करतों. तो तरुण जें विचारीत होता तें आम्ही धर्मशिक्षणाच्या शाळेंत वीस वर्षांपूर्वींच शिकलों होतों. त्यावर परीक्षेंत प्रश्न आला होता व गुणही बरे मिळाले होते. पण खेड्यांत आल्यावर त्या वह्या पेटींत गेल्या, आणि बाप्तिस्म्याच्या उमेदवारांकडून "चौथें शुभवर्तमान जब्दीचा पुत्र योहान यानें लिहिलें" एवढें एकच वाक्य आम्ही पाठ करून घेत राहिलों. दुर्बळांचा विश्वास डळमळूं नये म्हणून आम्ही गप्प आहों, असें आम्ही मनाशीं म्हणत असूं. खरें पाहतां समजावून सांगण्याचे श्रम आम्हांस नको होते. त्या श्रमांचें देणें आज फेडावें म्हणून हा पाठ लिहीत आहों.

प्रथम माथ्यावरील नांवाचा विचार करूं. पौल आपल्या पत्रांच्या आरंभीं स्वतःचें नांव घालतो. चार शुभवर्तमानांपैकीं एकाही लेखकानें तसें केलेलें नाहीं. आपण "योहानकृत" म्हणतों, परंतु ग्रीक मथळ्याचा अर्थ "योहानाप्रमाणें" एवढाच आहे. शुभवर्तमान एकच, तें या साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणें, असा त्याचा भाव. एखाद्या मंडळीच्या पेटींत एकच पुस्तक होतें तोंवर अशा मथळ्याची गरज नव्हती. दोन-तीन झालीं तेव्हां तीं ओळखतां यावीं म्हणून नांवें घालावीं लागलीं. म्हणून मथळा लेखकाच्या हातचा नाहीं, हें त्या तरुणाचें म्हणणें खरेंच आहे. तथापि दुसरी बाजूही त्यास ठाऊक असावी. मिसर देशांत सांपडलेल्या व १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फार जुन्या प्रतीवर, जी बहुतेक विद्वान इ. स. २०० च्या सुमाराची मानतात, हा मथळा आहे. आणि या शुभवर्तमानाची दुसऱ्या कोणाच्या नांवाची प्रत आजवर सांपडलेली नाहीं.

आतां प्राचीन मंडळीच्या पितरांची साक्ष. सर्वांत वजनदार साक्ष इरेनियस याची. हा मूळचा आशिया प्रांतांतला, पुढें लियों शहराच्या मंडळीचा अध्यक्ष झाला. इ. स. १८० च्या सुमारास त्यानें लिहिलें कीं, प्रभूच्या उराशीं टेकलेला शिष्य योहान यानें इफिस येथें राहत असतां हें शुभवर्तमान प्रसिद्ध केलें. हें त्यास कसें कळलें? लहानपणीं त्यानें स्मुर्णा येथील वृद्ध पॉलिकार्प याचें भाषण ऐकलें होतें, आणि पॉलिकार्प योहानाच्या सहवासाच्या आठवणी सांगत असे. पॉलिकार्प इ. स. १५५ च्या सुमारास रक्तसाक्षी झाला. योहान, पॉलिकार्प, इरेनियस अशी ही तीन कड्यांची सांखळी आहे. आजोबांनीं नातवास सांगितलेल्या गोष्टीइतकें हें अंतर आहे, आणि तशा गोष्टी आपण टाकून देत नाहीं.

पण आजोबांच्या गोष्टींत नांवांची अदलाबदल होते, हेंही आपण जाणतों. याच इरेनियसानें आशियांतील वडिलांच्या साक्षीवरून असेंही लिहिलें आहे कीं, प्रभु येशू पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत शिक्षण देत होता. हें कोणीही मानीत नाहीं. ज्याची एक आठवण चुकली त्याच्या सर्वच आठवणी चुकीच्या असें नव्हे. परंतु तो म्हणाला म्हणून प्रश्न मिटला, असेंही म्हणतां येत नाहीं.

गुंता वाढतो तो पॅपियसामुळें. हा हिरापली येथील मंडळीचा अध्यक्ष, इरेनियसाच्या आधींच्या पिढींतला. त्याचे पांच ग्रंथ नष्ट झाले. त्यांतील कांहीं उतारे इतिहासकार युसेबियस यानें चौथ्या शतकाच्या आरंभीं आपल्या ग्रंथांत घेतले म्हणून वांचले. पॅपियस सांगतो कीं, प्रभूच्या शिष्यांचा सहवास लाभलेला कोणी भेटला म्हणजे मी त्यास विचारीत असें कीं, अंद्रिया, पेत्र, फिलिप्प, थोमा, याकोब, योहान, मत्तय हे काय म्हणाले, आणि प्रभूचे शिष्य अरिस्टियन व वडील योहान हे काय म्हणतात. वाचकांनीं येथें सावकाश वाचावें. योहानाचें नांव दोनदां आलें आहे. पहिल्या यादींतील प्रेषितांविषयीं "म्हणाले" असा भूतकाळ आहे, आणि दुसऱ्या जोडीविषयीं "म्हणतात" असा वर्तमानकाळ. पहिले बहुतेक मरण पावले होते, दुसरे दोघे अद्याप जिवंत होते, असा अर्थ निघतो. यावरून युसेबियसानें अनुमान काढलें कीं योहान दोन होते. आणि इफिस येथें योहानाच्या म्हणून दोन कबरी दाखवितात ही गोष्ट त्यानें पुष्टीस जोडली. त्याचा रोख मात्र प्रकटीकरणाच्या पुस्तकावर होता. तें पुस्तक त्यास फारसें रुचत नसे, म्हणून तें दुसऱ्या योहानाच्या माथीं मारावें असें त्यास वाटलें. साक्षीदाराचा हेतु ठाऊक असला कीं त्याची साक्ष तोलून घेतां येते. पण पॅपियसाचें वाक्य युसेबियसाच्या हेतूवर अवलंबून नाहीं. त्यांत नांव दोनदां आहेच.

ज्यांनीं बोलावें अशी आपली अपेक्षा असते त्यांचें मौनही लक्षांत घ्यावें. इग्नेशियस यानें दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत इफिसच्या मंडळीस पत्र लिहिलें. त्यांत पौलाचें नांव गौरवानें घेतलें आहे, योहानाचें नाहीं. मौन हा पुरावा नव्हे, पण तें कानांस जाणवतें. उलट, मुरातोरी नांवाच्या विद्वानानें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्राचीन यादींत अशी कथा आहे कीं, सहशिष्यांनीं आग्रह केल्यावर योहानानें सर्वांस तीन दिवस उपास करण्यास सांगितलें, आणि अंद्रियास प्रकट झालें कीं योहानानें आपल्या नांवें लिहावें व सर्वांनीं तें तपासावें. ही कथा जशीच्या तशी घडली असें आम्ही म्हणत नाहीं. पण हें पुस्तक एकट्याच्या हातचें नसून त्यास पुष्कळांचा हात लागला आहे, ही आठवण तींत टिकून आहे असें आम्हांस वाटतें. एपिफॅनियस तर असें सांगतो कीं, कांहीं लोक हें पुस्तक केरिंथ नांवाच्या पाखंड्याचें आहे म्हणत. म्हणजे शंका ही आजकालच्या महाविद्यालयांत जन्मलेली नाहीं.

आतां बाहेरची साक्ष बाजूस ठेवून ग्रंथच उघडूं. आमच्या मतें खरी मेजवानी येथें आहे, आणि त्यासाठीं ग्रीक भाषा यावी लागत नाहीं. बोट ओळीवर ठेवून वाचतां आलें म्हणजे पुरे.

या शुभवर्तमानांत ज्याच्यावर येशूची प्रीति होती असा एक शिष्य आहे. त्याचें नांव कोठेंही दिलेलें नाहीं. तो उघडपणें प्रथम १३:२३ येथें, शेवटल्या भोजनाच्या वेळीं, दिसतो. पुढें तो वधस्तंभाजवळ उभा आहे (१९:२६), पेत्राबरोबर कबरेकडे धांवत जातो (२०:२), आणि तिबिर्या समुद्राच्या कांठीं प्रभूस प्रथम ओळखतो (२१:७). पहिल्या अध्यायांत अंद्रियाबरोबरचा निनांवी सोबती आणि अठराव्यांत प्रमुख याजकाच्या ओळखीचा दुसरा शिष्य हेही तोच असतील, पण तेथें तसें स्पष्ट लिहिलेलें नाहीं.

हा योहानच, असें म्हणणाऱ्यांचीं कारणें हलकीं नाहींत. जब्दीच्या पुत्रांचें नांव घेतल्यावांचून पहिलीं तीन शुभवर्तमानें पुढें सरकत नाहींत. येथें मात्र त्यांचा उल्लेख एकदांच, २१:२ येथें, आणि तोही नांवें न घेतां. बाप्तिस्मा करणाऱ्यास हा लेखक नुसतें "योहान" म्हणतो, जणूं दुसऱ्या योहानाशीं घोटाळा होण्याचा संभवच नाहीं. स्वतःचें नांव घ्यावयाचें टाळणारा माणूस असेंच लिहील. एकोणिसाव्या शतकांत वेस्टकॉट या इंग्रज पंडितानें पायरीपायरीनें दाखविलें कीं लेखक यहूदी होता, पॅलेस्टाइनचा होता, प्रत्यक्ष पाहणारा होता, प्रेषित होता, म्हणून तो योहानच होता. आमच्या गुरुजनांस ही मांडणी फार प्रिय होती. पहिल्या तीन पायऱ्या आजही बऱ्याच भक्कम आहेत. चौथीवर पाय ठेवतांना मात्र ती हलते.

ती कां हलते तें पाहा. याइराची मुलगी उठविली तेव्हां, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमानेंतील प्रार्थनेच्या वेळीं योहान प्रभूच्या अगदीं जवळ होता, असें इतर शुभवर्तमानें सांगतात. हे तिन्ही प्रसंग या पुस्तकांत नाहींत. योहान गालीलचा कोळी. पण या पुस्तकाचें मन यरुशलेमेंत रमलेलें आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यांत ज्याला द्वारपालीण सहज आंत सोडते असा शिष्य (१८:१५–१६) कफर्णहूमचा कोळी कसा असेल? मासळीच्या व्यापारामुळें ओळख असावी असें कोणी म्हणतात. तें अशक्य नाहीं, पण तसा आधार ग्रंथांत नाहीं. प्रेषितांची कृत्यें ४:१३ येथें पेत्र व योहान हे न शिकलेले म्हणून ओळखले जातात. आणि २१:२ येथें जब्दीच्या पुत्रांशिवाय आणखी दोन निनांवी शिष्य नावेंत आहेत. तो प्रिय शिष्य त्या दोघांपैकीं एक असेल, तर तो बारांपैकीं असलाच पाहिजे असेंही नाहीं. कांहीं विद्वान लाजराकडे बोट दाखवितात, कारण त्याच्यावर येशूची प्रीति होती असें अकराव्या अध्यायांत लिहिलें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. ज्याचें नांव अकराव्यांत उघड घेतलें तें तेराव्यांत लपविण्याचें कारण काय?

आतां आजच्या शास्त्रपाठाकडे या. पेत्रानें त्या शिष्याविषयीं विचारलें व प्रभूनें उत्तर दिलें. त्यावरून, हा शिष्य मरणार नाहीं असा समज बंधुवर्गांत पसरला. लेखक तेविसाव्या ओवींत तो समज दूर करतो. प्रभु तसें म्हणाला नव्हता, असें तो निक्षून सांगतो. हें सांगण्याची वेळ केव्हां येते? तो शिष्य मरण पावला, किंवा मरणपंथास लागला, आणि मंडळी गोंधळून गेली, तेव्हां. एखाद्या गांवांत जुना पाळक वारल्यावर जो हुंदका येतो तो त्या ओवींत आहे. लगेच पुढच्या ओवींत तीन वेगळे पक्ष दिसतात. ज्यानें हें लिहिलें तो शिष्य एक. त्याच्याविषयीं सांगणारा दुसरा. आणि त्याची साक्ष खरी आहे हें आम्हांस ठाऊक आहे, असें म्हणणारे "आम्ही" तिसरे. स्वतःविषयीं "त्याची साक्ष" असें कोणी म्हणत नाहीं. विसाव्या अध्यायाच्या शेवटीं पुस्तक संपल्यासारखें वाटतें. एकविसावा अध्याय मागाहून जोडला असावा, असें पुष्कळ विद्वान म्हणतात तें यामुळेंच. तरी जुन्या ग्रीक प्रतींत तो आहे. म्हणजे तो जोडला असेल तर फार लवकर, आणि त्या शिष्याच्या स्वतःच्या माणसांनींच.

उपदेशकांस हें अवघड वाटलें तेव्हां आम्हीं विचारलें, "मुंबईस गिरणींत असलेल्या मुलाला तुमच्या गांवांतील म्हातारी पत्र पाठवी तें लिही कोण?" ते म्हणाले, "पूर्वीं मास्तर लिहीत. पुष्कळ पत्रें मींच लिहिलीं." "मग पत्र कोणाचें?" ते हंसले व म्हणाले, "म्हातारीचें. पण शेवटीं खुशालीच्या दोन ओळी मी माझ्या घालीत असें." पौलानेंही रोमकरांस पत्र सांगितलें, लिहिलें दुसऱ्यानें, आणि त्या लेखनिकानें आपला सलाम मध्येंच घातला आहे (रोम. १६:२२). सांगणारा व लिहिणारा यांत त्या काळीं आजच्याइतकी भिंत नव्हती.

आमचें मत विचाराल तर तें असें : यरुशलेमेंतील एक शिष्य, ज्यानें शेवटचे दिवस स्वतः पाहिले, त्याची साक्ष या पुस्तकाच्या मुळाशीं आहे, त्याच्या मंडळीनें, बहुधा इफिसाकडे, पहिल्या शतकाच्या अखेरीस ती लिहून पुरी केली. त्या शिष्याचें नांव योहान होतें हें आम्हांस संभवनीय वाटतें. तो जब्दीचा पुत्र, कीं पॅपियसानें उल्लेखिलेला वडील योहान, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. रिचर्ड बॉकहॅम या विद्वानानें २००६ सालीं वडील योहानाच्या बाजूनें भक्कम विवेचन केलें. दुसरे तितकेच अभ्यासू लोक जुन्या परंपरेस धरून आहेत. आणि तिसरे म्हणतात कीं, प्रत्यक्ष साक्षीदार मुळींच नव्हता, मंडळीनें त्याचें चित्र रंगविलें. हें तिसरें मत आम्हांस पटत नाहीं, पण तें मांडणारे लबाड आहेत असें कोणीं म्हणूं नये.

एके काळीं कांहीं पंडित हें पुस्तक दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खालीं ओढीत. १९२० सालीं मिसर देशांत जुन्या कागदांचा एक गठ्ठा विकत घेतला गेला. त्यांतील एक तुकडा १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. तो मँचेस्टर येथें आहे. पत्त्याच्या पानाएवढा तो तुकडा (उपमा पाळकास शोभणारी नव्हे, पण माप बरोबर आहे) दोन्ही बाजूंनीं लिहिलेला आहे, आणि त्यावर पिलातापुढील चौकशींतील, अठराव्या अध्यायांतील, कांहीं शब्द आहेत. प्रथम तो इ. स. १२५ च्या सुमाराचा मानला गेला. अक्षरांच्या वळणावरून काळ इतका नेमका ठरत नाहीं, तो दुसऱ्या शतकाच्या अखेरचाही असूं शकेल, असें आतां सावध विद्वान म्हणतात. तेव्हां त्या तुकड्याच्या जोरावर उपदेशकांनीं फार गर्जना करूं नये. पांच देवड्यांच्या तळ्याची गोष्ट अधिक भरंवशाची. पांचव्या अध्यायांतील तें वर्णन कल्पित आहे असें म्हणत. यरुशलेमेंत खणतां दोन हौद निघाले, मध्यें एक बांध. चार बाजू आणि मधला बांध मिळून पांच देवड्या होतात. शिलोहाचें पायऱ्यापायऱ्यांचें तळेंही २००४ सालीं उजेडांत आलें. शहर इ. स. ७० मध्यें उद्ध्वस्त झालें होतें. त्यापूर्वींचें यरुशलेम ज्यानें पाहिलें त्याचा पाय या पुस्तकांत पडला आहे.

हा सर्व पाठ आम्हीं आमच्या बायकांच्या वर्गांत घेऊन पाहिला. तेथें एक आजी आहेत. त्यांस वाचतां येत नाहीं, पण विसावा अध्याय तोंडपाठ आहे. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, दोघे धांवले, एक पुढें गेला, पण आंत शिरला नाहीं, दारांतून वांकून पाहिलें. हें कोण सांगणार? एक तर पेत्र, नाहीं तर तो पुढें पळालेला." आम्हीं त्यांस सांगितलें कीं, कुशल लेखक अशी गोष्ट रचूंही शकतो, म्हणून हा पुरावा पुरा नव्हे. आजींनीं मान हलविली, पण त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस काय शिकवावें, असें कांहीं उपदेशक विचारतील. आमच्या वर्गांत आम्हीं उत्तर बदललें आहे. "हें कोणीं लिहिलें?" असें विचारल्यावर उमेदवार सांगतात : ज्या शिष्यावर येशूची प्रीति होती त्याची ही साक्ष आहे, त्याचें नांव पुस्तकांत नाहीं, प्राचीन मंडळीनें त्यास योहान म्हटलें. उत्तर लांब झालें खरें, पण त्यांतील प्रत्येक शब्दास आधार आहे. इब्री लोकांस पत्राविषयीं ओरिगेनानें तिसऱ्या शतकांतच म्हटलें कीं, तें कोणीं लिहिलें हें देवालाच ठाऊक. तरी तें पत्र आपण आजही मंडळींत वाचतों.

आमच्या वृद्ध बंधूंनीं परत गेल्यावर काय केलें तें त्यांच्या पत्रावरून कळलें. ते वर्गाची वाट न पाहतां त्या तरुणाच्या घरीं गेले, आणि त्याच्या वडिलांसमोर म्हणाले, "बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता, माझें उत्तर चुकलें." मग दोघांनीं ओट्यावर बसून एकविसावा अध्याय वाचला. आतां तो दर सुटींत येतो. पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें आहे कीं, त्यानें आणखी एक प्रश्न काढला आहे : व्यभिचारांत धरलेल्या स्त्रीची गोष्ट (७:५३–८:११) सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाहीं, हें खरें काय? खरें आहे. त्याविषयीं पुढील एखाद्या अंकांत लिहूं; तोंवर उपदेशकांनीं आपल्या शास्त्रांत त्या ठिकाणीं कंस किंवा टीप आहे काय तें पाहून ठेवावें.